पाऊण तास

दुकानाच्या पाटीवर अजून ‘घड्याळजी’ आहे,
खाली स्नेहलने नवी पट्टी चिकटवली:
कव्हर, चार्जर, काचा लावून मिळतील.
वेंगुर्ल्याच्या बाजारात आता
मनगटं उघडीच फिरतात
आणि वेळ खिशात वाजते.

चाळीस वर्षं डाव्या डोळ्याला भिंग लावून
मी दुसऱ्यांची वेळ पुसत बसलो.
समुद्र दुकानापासून चारशे पावलांवर,
तिथे जायचो विसर्जनाला.
आणि कुणी पाहुणा आलाच, तर.

सुरुवातीला मोबाइलच्या काचेखाली बुडबुडे राहायचे.
स्नेहल बोलायची नाही काही,
मुकाट नवी काच काढून द्यायची,
तेच लागायचं.
मग एका सोमवारी, गिऱ्हाईक नसताना,
जुन्या चिमट्याने कोपरा धरला, श्वास धरला,
केसाएवढ्या स्प्रिंगसाठी धरायचो तसा,
आणि काच बसली
पाण्यावर पाणी ठेवावं तशी.
त्या दिवशी घरी बांगडे नेले.
आज काय विशेष, असं विचारलं तर म्हटलं,
स्वस्त होते.

एक ते चार बाजार झोपतो.
मला झोप येईना म्हणून मांडवीच्या खाडीकडे गेलो.
भागीरथी केळुसकर चिखलात उभी,
पायाच्या बोटांनी तिसरे चाचपत,
वर आभाळाकडे बघत, जणू तिचे पाय
तिला न विचारता कामाला गेलेत.
मी म्हटलं, काकी, पुढच्या सोमवारी
याच वेळेला येऊ का शिकायला?
“येशीत तर बुडशीत,” ती म्हणाली,
“तेव्हा हंय भरती आसतली.
तिथीची पाऊण कर. शाळेत गेल्लंस मा?”

गेलेलो.
पाऊणकी पाठ होती, छडीच्या धाकाने,
कशाची पाऊण ते न कळता:
चार पाऊणे तीन, पाच पाऊणे पावणेचार…
पन्नास वर्षांनी त्या पाढ्याला पाणी लागलं.
आज द्वादशी. बारा पाऊणे नऊ.
नवाला भरती, म्हणजे तीनला सुकती.
उद्या त्याहून पाऊण तास पुढे, परवा आणखी पाऊण.
इतका उशीर करतो हा रोज,
आणि कुणीही त्याला
माझ्याकडे दुरुस्तीला आणलेलं नाही.

पहिल्या दिवशी मला सात तिसरे मिळाले.
त्यातले दोन रिकामे, चिखलाने भरलेले.
काकीने ते हुंगूनच फेकले
आणि स्वतःच्या टोपलीतली मूठभर
माझ्या डब्यात टाकली, न मोजता.

दुकानात मागच्या भिंतीला एक लंबकाचं घड्याळ आहे.
टाकून गेलेलं, मालक परत आलाच नाही.
कुणीतरी त्यात दुसऱ्याच घड्याळाचा
लांब लंबक अडकवलाय.
दिवसाला पाऊण तास मागे पडतं.
दहा वर्षं मनात होतं, एकदा बघू.
परवा खाली काढलं, धूळ पुसली,
तेल दिलं, लंबक तसाच ठेवला.
पौर्णिमेला बंदरावर उभा राहून
पाणी पायरीला टेकलं तेव्हा
पळत येऊन काटे बारावर आणले.

आता बारा वाजले की भरती,
सहा वाजले की सुकती.
लोक आत डोकावतात, म्हणतात,
घड्याळजींचंच घड्याळ चुकलं!
मी म्हणतो, हो.
काकीला दाखवायला बोलावलं.
तिने कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहिलं.
“बरा आसा,” म्हणाली, “पण माका नको.
माझे पाय सांगतत.”
आणि नातवाचा फोन पुढे केला,
काच तडकलेली.

चार-सहा दिवसांनी बघतो तर
पाच-सात मिनिटांचा फरक पडलेला असतो.
मग शिडी लावून चढतो, काटा सरकवतो.
बिघाडसुद्धा सांभाळावा लागतो,
हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

पावणेसहा झाले.
स्नेहल, गल्ल्याकडे बघ जरा.
डबा कुठे ठेवलाय माझा?